‘टीका केली’ या दोन शब्दांत किती इंग्रजी क्रियापदे कोंबणार?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या विद्यार्थी पुरवणीतील इंग्रजी शब्दसंग्रहाच्या सदरात ‘मत मोठ्याने किंवा उघडपणे मांडणे’ या मथळ्याखाली क्रियापदांची एक यादी आली आहे. व्हॉइस, एअर, स्पीक आउट, प्रोटेस्ट, डिनाउन्स, रेल, रँट, हरँग, पाँटिफिकेट, ओपाइन, व्होसिफरेट अशी नावे एकाखाली एक, आणि पुढे मराठी अर्थ एकेका शब्दात. ‘टीका करणे’ हा अर्थ त्यात चार ठिकाणी आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले ही कात्रणे वहीत चिकटवून पाठ करतात आणि निबंधात वापरतात, म्हणून हे सविस्तर पत्र. या यादीतले कोणतेही क्रियापद दुसऱ्याच्या जागी जसेच्या तसे बसत नाही. अर्थ जवळचा असला तरी पुढे येणारे शब्द बदलतात, आवाजाची पट्टी बदलते, आणि लिहिणाऱ्याचे बोलणाऱ्याविषयी काय मत आहे तेही बदलते. ही माहिती नसेल तर अर्थ पाठ असूनही वाक्य चुकते.

आधी वाक्यरचना, कारण गुण तिथेच जातात. ‘व्हॉइस’ आणि ‘एअर’ यांना लगेच पुढे नाम लागते. चिंता, शंका, पाठिंबा, विरोध ‘व्हॉइस’ करतात. गाऱ्हाणी आणि मते ‘एअर’ करतात. या दोघांपुढे ‘दॅट’ घालून वाक्य जोडता येत नाही. ‘ही व्हॉइस्ड दॅट द ब्रिज वॉज अनसेफ’ हे चूक. ‘ही व्हॉइस्ड कन्सर्न अबाउट द ब्रिज’ हे बरोबर. ‘दॅट’ हवाच असेल तर ‘से’, ‘डिक्लेअर’, ‘असर्ट’, ‘कन्टेन्ड’ यांपैकी एक घ्यावे. ‘व्हॉइस आउट’ असे आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. तिथला ‘आउट’ हा ‘स्पीक आउट’मधून घसरून आलेला आहे, तो काढून टाकावा.

‘स्पीक आउट’ला कर्म लागत नाही. पुढे ‘अगेन्स्ट’ किंवा ‘अबाउट’ येते, आणि बोलण्यात काहीतरी धोका आहे, गप्प बसणे सोयीचे होते, हे त्यात गृहीत असते. म्हणून मराठीत त्याला ‘वाचा फोडणे’ किंवा ‘आवाज उठवणे’ चपखल बसते. ‘स्पीक अप’ वेगळे. वर्गात मागच्या बाकाला ऐकू येत नसेल तर शिक्षक ‘स्पीक अप’ म्हणतात. आणि ‘स्पीक अप फॉर’ म्हणजे कोणाची तरी बाजू घेऊन बोलणे. ‘आवाज उठवणे’चे शब्दशः भाषांतर करून ‘रेझ वन्स व्हॉइस’ लिहायचे, तर पुढे ‘अगेन्स्ट’ आणि विषय दोन्ही हवेत. नाहीतर वाचणारा त्याचा अर्थ ‘आवाज चढवला, ओरडला’ असाच घेईल, कारण इंग्रजी घरांत मुलांना ‘डोन्ट रेझ युवर व्हॉइस’ म्हणतात ते ‘माझ्यावर आवाज चढवू नकोस’ या अर्थाने.

‘व्हेंट’ फक्त कोंडलेल्या भावनेसाठी: राग, वैताग, निराशा. मत ‘व्हेंट’ करत नाहीत. त्याचाच भाऊ ‘व्हेंटिलेट’ आपल्या शाळांत पत्रलेखनाच्या नमुन्यात अजून टिकून आहे, ‘आपल्या दैनिकाच्या स्तंभांतून माझे गाऱ्हाणे व्हेंटिलेट करू इच्छितो’ अशा वाक्यात. हा जुना इंग्रजी वापर आहे, चूक नाही. पण आज तिकडच्या वाचकाला तो खिडक्या उघडण्यासारखा वाटेल. ‘एअर’ किंवा ‘व्हॉइस’ लिहावे.

रागाची ही क्रियापदे शब्दयोगी शब्दाशिवाय विषयाला जोडता येत नाहीत. ‘रेल’ला (तोंडसुख घेणे) ‘अगेन्स्ट’ किंवा ‘ॲट’, ‘इन्व्हे’ला (कडक शब्दांत तुटून पडणे) फक्त ‘अगेन्स्ट’, ‘फल्मिनेट’ला (आगपाखड करणे) ‘अगेन्स्ट’, ‘रँट’ला (तावातावाने बडबडणे) ‘अबाउट’ किंवा ‘ॲट’. ‘ही रेल्ड द गव्हर्नमेंट’ असे वाक्य होतच नाही. ‘हरँग’चे नेमके उलटे: ते सरळ माणसांवर जाते. ‘ही हरँग्ड द क्राउड’ म्हणजे त्याने जमावाला उभे करून लांबलचक, कडक भाषण सुनावले; कशाबद्दल ते पुढे ‘अबाउट’ने सांगायचे. ‘हेकल’चेही कर्म माणूसच, पण तो व्यासपीठावरचा: बोलणाऱ्याला मध्येच ओरडून अडवणे. ‘रेमॉन्स्ट्रेट’ करायचे ते माणसा‘विथ’, म्हणजे समोरासमोर, कारणे देत हरकत घ्यायची. त्यात दोन्ही बाजूंची काहीतरी ओळख, काहीतरी नाते अपेक्षित असते. ते सौम्यच असते असे मात्र नाही. इंग्लंडच्या कॉमन्स सभेने १६४१ साली राजा पहिल्या चार्ल्सच्या कारभाराविरुद्ध तक्रारींची जी लांबलचक जंत्री १५९ विरुद्ध १४८ मतांनी मंजूर केली, तिला ‘ग्रँड रेमॉन्स्ट्रन्स’ म्हणतात, आणि पुढच्याच वर्षी तिथे यादवी युद्ध पेटले.

‘प्रोटेस्ट’वर थोडे थांबायला हवे, कारण ते सगळ्यांत जास्त वापरले जाते आणि अर्धेच शिकवले जाते. ब्रिटिश इंग्रजीत निर्णयाविरुद्ध ‘प्रोटेस्ट अगेन्स्ट’ म्हणतात, अमेरिकन इंग्रजीत ‘अगेन्स्ट’ गाळून ‘प्रोटेस्ट द डिसिजन’. दोन्ही बरोबर, पण एका उत्तरपत्रिकेत एकच पद्धत ठेवावी. आता ‘शी प्रोटेस्टेड हर इनोसन्स’ हे वाक्य घ्या. तिने निर्दोषत्वाचा निषेध केला असे भाषांतर होते, ते अगदी उलटे आहे. अर्थ असा की आपण निर्दोष असल्याचे तिने ठासून सांगितले. मूळ लॅटिन धातू साक्ष देण्याचा आहे, सर्वांसमोर उभे राहून जाहीर सांगणे. जर्मनीतील श्पायर येथे १५२९ साली भरलेल्या साम्राज्यसभेत धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या बाजूच्या राजांनी आणि नगरांनी जे जाहीर निवेदन दिले, त्यावरून ‘प्रोटेस्टंट’ हे नाव पडले. तेव्हा ‘विरोध’ हा या शब्दाचा अर्धा भाग, ‘जाहीर ग्वाही’ हा दुसरा, आणि दोन्ही आजही चालू आहेत.

आता बोलणाऱ्याविषयी लिहिणाऱ्याचे मत. ‘रँट’, ‘पाँटिफिकेट’, ‘हरँग’, ‘होल्ड फोर्थ’, ‘माउथ ऑफ’ ही क्रियापदे दुसऱ्याबद्दल वापरायची असतात. लिहिणाऱ्याला ते बोलणे आवडलेले नाही हे त्यांतच आले. ‘पाँटिफिकेट’ पोपच्या पदवीवरून आले, म्हणजे आपला शब्द अखेरचा अशा थाटात बोलणे. आपल्याकडे ‘उपदेशाचे डोस पाजणे’ म्हणतात त्याच्या अगदी जवळ. ‘होल्ड फोर्थ’ म्हणजे बोलत सुटणे. विद्यार्थ्यांसाठी एक सोपी कसोटी आहे: क्रियापदाच्या आधी ‘आय’ ठेवून औपचारिक पत्रात ते वाक्य शोभते का पाहावे. ‘आय वुड लाइक टु व्हॉइस माय कन्सर्न’ शोभते. ‘आय वुड लाइक टु रँट अबाउट पॉटहोल्स’ महापालिका आयुक्तांना लिहिता येणार नाही.

‘ओपाइन’ या कसोटीत गोंधळ घालते. भारतीय इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘द कोर्ट ओपाइन्ड’ हे साधे, सरळ वाक्य आहे. न्यायालयाने मत व्यक्त केले एवढाच त्याचा अर्थ. ब्रिटन-अमेरिकेत मात्र त्या शब्दाला बऱ्याचदा किंचित आढ्यतेचा वास येतो. परदेशी विद्यापीठाला निबंध पाठवणाऱ्या मुलांनी तिथे ‘आर्ग्यू’ किंवा ‘सजेस्ट’ लिहावे. ‘व्होसिफरेट’ (आरडाओरडा करत बोलणे) तर क्रियापद म्हणून तिकडेही क्वचितच दिसते. ‘व्होसिफरस’ हे विशेषण शिकवले तर त्याचा उपयोग होईल.

आता मुलांच्या वहीतून आपल्या संपादकीय विभागाकडे येतो, कारण मूळ दुखणे तिथे आहे. वृत्तसंस्थांकडून येणाऱ्या इंग्रजी मजकुराचे भाषांतर रात्री घाईत होते, हे समजू शकते. पण त्या घाईत वाचकाला जे कळायला हवे तेच गळते. ‘क्लेम’ म्हणजे दावा: म्हणणाऱ्याने म्हटले, खरेखोटे अजून ठरलेले नाही. ‘अलेज’ फक्त गैरकृत्याबद्दल; चांगल्या गोष्टीचा ‘आरोप’ होत नाही. ‘ॲडमिट’ आणि ‘पॉइंट आउट’ यांत पुढची गोष्ट खरी आहे हे बातमीदाराने मान्य केलेले असते. मंत्री म्हणाले की साठा पुरेसा आहे, तर ते ‘सेड’. ‘साठा पुरेसा असल्याचे मंत्र्यांनी निदर्शनास आणून दिले’ असे छापले की आपण स्वतः साठा मोजून आल्यासारखी ग्वाही देतो. ‘डिनाय’ म्हणजे इन्कार. ‘रिफ्यूट’ म्हणजे पुराव्याने खोटे पाडणे. मराठीत यासाठी ‘इन्कार’ आणि ‘खंडन’ असे दोन वेगळे शब्द तयार आहेत. तरी नुसता नकार दिला तिथेही ‘आरोपांचे खंडन केले’ असे छापले जाते, आणि वाचकाला वाटते की आरोप निकालात निघाला.

न्यायालयाच्या बातम्यांत याचे परिणाम सर्वांत गंभीर होतात. ‘हेल्ड’ म्हणजे न्यायालयाने निर्णय दिला, कायद्याचा मुद्दा ठरवला. ‘डायरेक्टेड’ म्हणजे निर्देश दिले, पाळणे बंधनकारक. ‘ऑब्झर्व्ड’ म्हणजे निरीक्षण नोंदवले. ते निकालपत्रात लेखी असू शकते किंवा सुनावणीत तोंडी. ‘रिमार्क्ड’ म्हणजे बोलता बोलता शेरा मारला. ‘पास्ड स्ट्रिक्चर्स’ म्हणजे ताशेरे ओढले, आणि ते नोंदीत असतात. ‘आस्क्ड’ म्हणजे फक्त विचारले. या सहांपैकी चारांचे मराठी आपल्या मथळ्यांत ‘फटकारले’ होते.

२०२१ चे उदाहरण घ्या. एप्रिलमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सुनावणीत निवडणूक आयोगाविषयी अत्यंत कठोर तोंडी शेरा मारला: कोविडच्या दुसऱ्या लाटेला आयोग जबाबदार असून त्याच्या अधिकाऱ्यांवर बहुधा खुनाचा गुन्हा नोंदवायला हवा, अशा आशयाचा. देशभर त्याचे मथळे झाले. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. ६ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तो शेरा कठोर होता आणि उपमा अनुचित होती, पण तोंडी शेरा हा न्यायालयीन नोंदीचा भाग नसल्याने तो काढून टाकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सुनावणीतील तोंडी संवादाचे वार्तांकन करण्याचा प्रसारमाध्यमांचा अधिकारही त्याच निकालाने मान्य केला. म्हणजे तोंडी शेरा छापायला मोकळीक आहे, आणि म्हणूनच तो तोंडी होता हे क्रियापदातून दाखवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. ‘सुनावणीदरम्यान तोंडी म्हटले’ एवढे तीन शब्द पुरतात. ते न लिहिल्यामुळे वाचक तहसील कार्यालयात जाऊन ‘हायकोर्टाने आदेश दिलाय’ म्हणून भांडतो आणि हात हलवत परततो.

आंतरराष्ट्रीय बातम्यांत क्रियापदांची चढती भाजणी असते आणि मुत्सद्दी एकेका पायरीसाठी तासन्‌तास घासाघीस करतात. ढोबळ क्रम असा: चिंता व्यक्त करणे, गंभीर चिंता व्यक्त करणे, ‘रिग्रेट’, ‘डिप्लोअर’, ‘कंडेम’. शेवटच्या दोहोंना ‘स्ट्राँगली’ किंवा ‘इन द स्ट्राँगेस्ट टर्म्स’ जोडून आणखी पायऱ्या तयार होतात. २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने युक्रेनसंबंधी ठराव १४१ विरुद्ध ५ मतांनी संमत केला. भारतासह ३५ देश तटस्थ राहिले. त्या ठरावात रशियाच्या आक्रमणाला ‘डिप्लोअर्स इन द स्ट्राँगेस्ट टर्म्स’ असे शब्द आहेत. त्याच मजकुरात ‘विशेष लष्करी कारवाई’ची घोषणा आणि अण्वस्त्रदलांची सज्जता वाढवण्याचा निर्णय यांना मात्र ‘कंडेमिंग’ लावले आहे. एकाच ठरावात दोन क्रियापदे, दोन वेगळ्या गोष्टींसाठी, जाणूनबुजून. दोन्हींचे मराठी ‘निषेध’ केले की मसुदा लिहिणाऱ्यांची सगळी कसरत वाचकापासून लपते. ‘रिग्रेट’ला ‘खेद’, ‘डिप्लोअर’ला ‘तीव्र नापसंती’ आणि ‘कंडेम’ला ‘निषेध’ असे ठरवून टाकले आणि वर्षानुवर्षे तेच पाळले, तर पायऱ्या मराठीतही दिसतील. (‘कंडेम’ आपल्याला परका नाही. मोडीत काढलेल्या एसटीला ‘कंडम’ म्हणतो ते हेच. वापरण्यास अयोग्य ठरवणे हा त्याचा दुसरा चालू अर्थ आहे.)

ही पायरी निवडण्याची कला आपल्या माणसांना अवगत होती. काँग्रेसचे पहिले अधिवेशन २८ डिसेंबर १८८५ पासून मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरले. त्यात उत्तर ब्रह्मदेश ब्रिटिश राज्यात सामील करण्याविषयी जो ठराव झाला, त्याचे क्रियापद ‘डेप्रिकेट’ होते. ‘डेप्रिकेट’ म्हणजे ‘हे होऊ नये’ अशी नापसंती, मूळ लॅटिनमध्ये ‘प्रार्थना करून टाळणे’. ‘कंडेम’ इंग्रजीत तेव्हाही होतेच. अधिवेशनात बसलेल्या वकील-संपादकांनी सौम्य पण स्पष्ट शब्द घेतला, आणि त्या काळचे राजकारण त्या एका क्रियापदातून वाचता येते. आज पुण्या-मुंबईतले संगणक अभियंते तेच क्रियापद वेगळ्या कामाला रोज वापरतात: एखादी सुविधा ‘डेप्रिकेटेड’ म्हणजे अजून चालते, पण वापरू नका, पुढे काढली जाईल. ‘डिप्रीशिएट’ म्हणजे किंमत घटणे, ते वेगळे. दोहोंची गल्लत परीक्षेत हमखास होते; तशीच ‘डिक्राय’ (धिक्कारणे) आणि ‘डिस्क्राय’ (दुरून दिसणे) यांची, आणि ‘इन्व्हे’ व ‘इन्व्हेगल’ (गोड बोलून गळाला लावणे) यांची.

‘डिनाउन्स’मध्ये एक खड्डा आहे. साध्या वापरात ते उघड धिक्कार, बहुतेकदा ‘ॲज’सह: ‘डिनाउन्स्ड हिम ॲज अ ट्रेटर’, त्याला देशद्रोही म्हणून धिक्कारले. पण देश जेव्हा करार ‘डिनाउन्स’ करतो, तेव्हा तो करारातून बाहेर पडत असल्याचे औपचारिकपणे कळवतो. करारांविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराच्या ५६ व्या कलमात हा शब्द याच अर्थाने आहे. ‘कराराचा निषेध केला’ असे छापले तर बातमीच चुकली.

मथळ्यांचे गणित वेगळे असते हे मान्य. इंग्रजी मथळ्यात ‘स्लॅम’, ‘ब्लास्ट’, ‘रॅप’, ‘फ्ले’ येतात ते लहान असल्यामुळे. अरुंद स्तंभात ‘क्रिटिसाइज’ मावत नाही. त्यामुळे मथळ्यातला ‘स्लॅम’ हा रागाचा मापदंड नव्हे. भाषांतर करताना मथळा बाजूला ठेवून पहिल्या परिच्छेदातले क्रियापद पाहावे. तिथे ‘सेड ही वॉज डिसअपॉइंटेड’ असेल, तर मराठी मथळा ‘हल्लाबोल’ होऊ शकत नाही. ‘नाराजी’ हा शब्द ‘हल्लाबोल’पेक्षा लांबही नाही.

मराठीत शब्द कमी आहेत असे कोणी म्हणू नये. मत मांडणे, प्रतिपादन करणे, ठासून सांगणे, निक्षून सांगणे, बजावणे, ठणकावणे, सुनावणे, खडसावणे, कानउघाडणी करणे, धारेवर धरणे, तोंडसुख घेणे, आगपाखड करणे, टाहो फोडणे, कंठशोष करणे, लावून धरणे: प्रत्येकाची पट्टी वेगळी आणि प्रत्येकात बोलणाऱ्या-ऐकणाऱ्याचे नाते वेगळे. ‘कानउघाडणी’ वरचा खालच्याची करतो, ‘टाहो’ असहाय माणूस फोडतो, ‘तोंडसुख’ घेणाऱ्याला त्यात मजा येत असते. ‘रेल’ला ‘तोंडसुख घेणे’, ‘फल्मिनेट’ला ‘आगपाखड करणे’, ‘क्लॅमर फॉर’ला ‘मागणी लावून धरणे’, ‘मेन्टेन’ला ‘म्हणण्यावर ठाम राहणे’ असे जोडून दिले तर मुलांना इंग्रजीही कळेल आणि मराठीही हाताशी राहील.

उच्चारांबाबत सदरात काहीच नव्हते, म्हणून तेवढे जोडतो. ‘हरँग’च्या स्पेलिंगमधली शेवटची दोन अक्षरे मुकी, ‘हॅरँग्यू’ नव्हे. ‘इन्व्हे’तला ‘जीएच’ आणि ‘कंडेम’मधला ‘एन’ मुके. पण ‘कंडेम्नेशन’मध्ये ‘एन’ ऐकू येतो. ‘प्रोटेस्ट’ नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर (शब्दखंडावर), क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. ‘पाँटिफिकेट’ क्रियापदात शेवटी ‘केट’, पोपची कारकीर्द या अर्थाच्या नामात मात्र तोकडे ‘किट’. ‘रेमॉन्स्ट्रेट’चा जोर ब्रिटिश पद्धतीत पहिल्या अवयवावर असल्याने ते ‘रेमन्स्ट्रेट’सारखे ऐकू येते, अमेरिकेत दुसऱ्यावर.

सदर बंद करावे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ग्रामीण भागात अनेक मुलांसाठी ते एकमेव नियमित साधन आहे. विनंती एवढीच की रोज दहा शब्दांऐवजी दोनच द्यावेत आणि नोंद पुढीलप्रमाणे असावी. ‘स्पीक आउट: पुढे अगेन्स्ट किंवा अबाउट, कर्म नाही, स्वतःविषयी वापरता येते, धोका पत्करून उघड बोलणे, वाचा फोडणे, उदाहरण, द नर्सेस स्पोक आउट अगेन्स्ट द लाँग शिफ्ट्स.’ ‘हरँग: पुढे थेट माणसे, स्वतःविषयी वापरू नये, समोरच्यांना लांबलचक सुनावणे, उदाहरण, द कोच हरँग्ड द प्लेयर्स फॉर ट्वेंटी मिनिट्स, उच्चारात शेवटी ग्यू नाही.’ अशा साठ क्रियापदांच्या नोंदी आम्ही तयार केल्या आहेत. मानधनाची अपेक्षा नाही. पुरवणी विभागाने कळवल्यास आठवडाभरात पाठवू.

आपले,
इंग्रजीचे अध्यापन व भाषांतर करणारे काही वाचक, पुणे